बिल्ला ज्याचा त्यानं लावायचा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. भावांच्या आधी, चुलतभावांच्याही आधी. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, तेव्हाही वाटला नव्हता. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी बाबा गल्लीत प्रत्येक दाराशी थांबून "बॉटनी" हा शब्द एकदा तरी म्हणून आले. बॉटनी म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर सांगायचे, "झाडांचंच. पण कॉलेजातलं."

कॉलेजनं मला डिग्री दिली आणि डोंगर दिला. एन.सी.सी.तून मला एका पहाडी शिबिराला पाठवलं होतं. महिनाभर दोर, गाठी, पाय कुठं टाकायचा, मुरगळलेला पाय कसा बांधायचा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे माणसं मोजायची. निघताना मोजायची, माथ्यावर मोजायची, उतरल्यावर मोजायची. परत आले तेव्हा आई म्हणाली, "देव नाही, जत्रा नाही, मग डोंगर चढायचा कशाला?" पुढे अन्नपूर्णेच्या देवळाकडच्या एका शाळेत सायन्स शिकवायला लागले आणि रविवारी मुलींना घेऊन महूच्या पलीकडच्या डोंगरांवर जायला लागले. आईनं विचारणं सोडून दिलं.

तोवर बाबांची मिल बंद झाली होती. भोंगा वाजायचा थांबला तरी बाबा साडेपाचला उठायचेच. आंघोळ करायचे, सायकल काढायचे आणि मिलच्या फाटकावर जाऊन बसायचे. सगळेच तिथं जमायचे. आज काही कळेल, उद्या काही कळेल. पेपरात यायचं की देशाचे दरवाजे उघडले, बाहेरच्या कंपन्या येणार, नवा माल येणार. आमच्या फाटकाचं कुलूप मात्र तसंच राहिलं. दुपारी बाबा घरी यायचे ते हातपाय धुवून भिंतीकडे तोंड करून पडायचे.

एका रविवारी मी त्यांना सोबत नेलं. मुलींच्या मागे मागे तेही जानापावचा डोंगर चढले. माथ्यावर जाऊन दोन तास बसले आणि उतरल्यावर एवढंच म्हणाले, "माझ्या खात्यातल्यांना पण आण ना इथं. फाटकावर बसून बसून मरतील साले."

असे आले बाबांचे खातेवाले. बाबा धरून अकरा जण, सगळे पन्नाशीच्या आसपास, सगळे साळखात्यातले, म्हणजे जिथं कापड विणायचे साचे चालतात तिथले. त्या खात्यात शेकडो साचे एकदम धडधडायचे. एकमेकांच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून हे लोक हातांनी बोलायचे. घरीसुद्धा बाबा जेवताना तोंड न उघडता दोन बोटं चोळून मीठ मागायचे आणि आई देऊन टाकायची. त्या आवाजात आयुष्य गेल्यानं सगळ्यांचे कान अधू झालेले. त्यात सगळ्यात जास्त जोडीदारकाकांचे.

जोडीदारकाका म्हणजे बाबांच्या शेजारच्या साच्यांवरचे. बाबांचे दोन साचे, त्यांचे दोन, मध्ये हातभर जागा. लहानपणापासून मी त्यांना जोडीदारकाकाच म्हणते. माणूस गोड, पण वेळेचा कच्चा. कामावर वेळेत पोचले असे दिवस कमी.

जानापाव म्हणजे काही हिमालय नाही. पण आपल्याकडच्या गरम मुलखातल्या डोंगराच्या स्वतःच्या खोड्या असतात. पावसाळ्यानंतर गवत छातीएवढं वाढतं आणि त्याखाली गोल सुटे दगड असतात, ते दिसत नाहीत. सकाळी ऊन गोड वाटतं, अकराला तेच डोकं फोडतं, आणि दुपारनंतर कुठूनतरी ढग येऊन तासाभरात पायवाट पुसून टाकतो. घाणेरीची झुडपं वाट गिळतात. कड्याखाली आग्या मोहोळ असतं, त्याच्याखाली बिडी ओढली तर पळायला जागा नाही. ह्या सगळ्याचे मी नियम केले होते. उजाडायला चढायला लागायचं. आपलं पाणी आपण न्यायचं. चप्पल चालणार नाही. मोहोळाखाली बिडी नाही, आरडाओरडा नाही. वाट सोडायची नाही. गुटख्याची नि शाम्पूची रंगीत पाकिटं नुकतीच सगळीकडे झाली होती, डोंगरावर ती कुजत नाहीत, म्हणून जे आणलं ते खिशात घालून परत न्यायचं. झाडावरचं काही तोडायचं नाही. आश्विनात तिथं सीताफळं लागतात, ती खालच्या गावातल्या बाया सडकेवर बसून विकतात. ती त्यांची.

आणि दोन वाजता सगळे खाली. दोनच्या पुढे जो येईल त्याला पुढच्या वेळी आणणार नाही. हा शेवटचा नियम मी शाळेतल्या आवाजात सांगितला होता. मला तो आवाज छान जमायचा आणि त्याचा मला अभिमानही होता.

"अरे बाप रे," एक काका म्हणाले होते, "आपला मॅनेजर बरा होता भिया. ही तर त्याची पण अम्मा निघाली."

माणसं मोजायची युक्ती मात्र माझी नाही, त्यांचीच. मिलमध्ये प्रत्येकाजवळ पितळेचा गोल बिल्ला असायचा, त्यावर नंबर. आत शिरताना आपला बिल्ला फळीवरच्या आपल्या खिळ्याला टांगायचा. भोंग्यानंतर दहा मिनिटं माफ, मग टाइमबाबू फळीवर नजर फिरवून वहीत हजेरी लावायचे. बिल्ला टांगलेला म्हणजे माणूस हजर. मिल अचानक बंद झाली तेव्हा बिल्ले सगळ्यांच्या खिशात राहिले. ते परत मागायला कोणी आलं नाही आणि यांनीही टाकले नाहीत.

मी माणसं मोजते हे पाहून बाबांनी पॅकिंगच्या खोक्याची एक फळी काढली, खिळे ठोकले आणि त्यावर नंबर रंगवले. वर जाताना बिल्ला खिशात, खाली उतरला की खिळ्याला. फळी भरली म्हणजे डोंगर रिकामा. मला ते इतकं आवडलं की मी माझ्या शिबिरातल्या मास्तरांना पत्र लिहून कळवलं. माझ्यापाशी बिल्ला नव्हता म्हणून बाबांनी तुपाच्या डब्याचं झाकण गोल कापून मला एक करून दिला. त्यावर नंबर टाकायला जागा होती, पण त्यांनी खिळ्यानं कोरलं होतं, "बी.एस्सी."

फळी सांभाळायला होते आमचे टाइमबाबूच. मिलमध्ये ज्यांना सगळे टरकायचे तेच. त्यांचे गुडघे गेले होते, डोंगर चढणं शक्य नव्हतं, पण बसमध्ये मात्र सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. पायथ्याच्या गावात एका काकींची चहाची टपरी होती. तिच्या बाकावर फळी टेकवून, वही मांडीवर घेऊन ते दिवसभर बसायचे.

"बाबूजी, आज तरी दहा मिनिटं माफ ना?" जाताना कोणीतरी म्हणायचंच.

"डोंगराला विचार," ते म्हणायचे.

त्या रविवारी, दसरा होऊन गेला होता, आम्ही दहाच्या सुमाराला माथ्यावर होतो. मी मोजले. अकरा. तिथल्या कुंडावर तोंडं धुतली, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. कागद गोळा केले. साडेअकराला मी उठवलं तेव्हा पश्चिमेला ढगाची एक काळी कड दिसत होती. तीन-तीन, चार-चारच्या गटानं उतरायचं, एकट्यानं कोणी नाही, हे पुन्हा सांगितलं. सगळ्यांच्या शेवटी मी.

उतरताना एका काकांच्या कॅनव्हासच्या बुटाचा तळ सुटला. तो पट्टीनं बांधला, पुन्हा सुटला, पुन्हा बांधला. त्यांना हाताला धरून मी हळूहळू उतरवत होते आणि माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. खाली पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते.

टपरीवर एकच हशा.

"लेट! बाईसाहेब लेट!"

"पुढच्या वेळी आणायचं नाही हां हिला."

"बाबूजी, लिहा, लिहा. गैरहजर!"

बाबूजींनी वहीतून मान वर न करता हात हलवला. "दहा मिनिटं माफ."

मी हसत माझा डब्याचा बिल्ला टांगला. बुटाच्या काकांनी त्यांचा टांगला. फळी भरली. बाराच्या बारा. मी काकींकडून चहा घेतला आणि बाकावर पाय पसरले. कोणी पळसाखाली आडवे झाले होते, कोणी हापशावर पाय धूत होते, दोघं सडकेपर्यंत बस बघायला गेले होते. सगळे इकडेतिकडे पांगलेले. मी चेहरे मोजले नाहीत. फळी भरलेली होती, मग चेहरे कशाला मोजायचे?

बाबांनी चहा घेतला नव्हता. ते टपरीच्या खांबाला टेकून डोंगराकडे बघत उभे होते. मला वाटलं, दमले असतील.

थोड्या वेळानं बाबूजींनी मला हाक मारली. हळू, वहीमागून.

"बेटा, हा बिल्ला बघ."

जोडीदारकाकांच्या खिळ्यावर जोडीदारकाकांचा बिल्ला होता. नंबर स्वच्छ दिसत होता.

"काय झालं?"

"नंबर दिसतोय."

"हो, दिसतोय."

"तेच तर." त्यांनी चष्मा काढला. "हा माणूस जिंदगीभर बिल्ला उलटा टांगत आला. नंबर फळीकडे. म्हणायचा, बाबूला माझा नंबर पाठ आहे, दाखवू कशाला. ज्या दिवशी नंबर समोर असायचा, त्या दिवशी मी समजायचो, बिल्ला आलाय, माणूस यायचाय. तुझ्या बाबांनी लावलाय."

मी बाबांकडे वळले. विचारायची गरजच पडली नाही. त्यांचं तोंड पाहूनच कळलं.

जोडीदारकाका आणि बाबा सोबत उतरत होते. तिसरे एक काका पुढे निघून गेलेले. अर्ध्या वाटेवर जोडीदारकाकांनी बाबांच्या हातात बिल्ला ठेवला आणि म्हणाले, "अरे भिया, तू चल ना आगे. मी ह्या खोऱ्यातून दोन सीताफळं काढून आलोच. दोनच्या पुढे झालं तर तुझी पोरगी मला पुढच्या वेळी आणायची नाही. लावून टाक यार, नेहमीसारखा."

नेहमीसारखा. वीस वर्षं बाबा हेच करत आले होते. आदल्या संध्याकाळी जोडीदारकाका बिल्ला देऊन ठेवायचे, सकाळी बाबा दोन बिल्ले टांगायचे, आणि काका येईपर्यंत चार साचे एकटे सांभाळायचे. कोणाला वाईट वाटायचं नाही आणि कोणाचं नुकसान व्हायचं नाही.

"मला वाटलं, तो मागोमाग येतोच आहे," बाबा म्हणाले. "मग वाटलं, पाच मिनिटांत येईल. मग तू आलीस आणि सगळे हसत होते..." मग त्यांनी बाबूजींकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं? इतकी वर्षं?"

"सगळं माहीत होतं," बाबूजी म्हणाले. "तिथं तू त्याचे साचे चालवत होतास, म्हणून मी गप्प बसायचो. इथं त्याच्या बदल्यात डोंगर कोण उतरणार?"

माझ्या कानात माझाच शाळेतला आवाज येत होता. दोनच्या पुढे जो येईल त्याला आणणार नाही. माझ्या भीतीनं एका माणसानं खोटी हजेरी लावली होती, आणि तीही मी ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला होता त्या फळीवर.

तीन वाजत आले होते. ढग माथ्यावर टेकला होता आणि लांब कुठंतरी गडगडत होतं. सहाच्या आधी अंधारणार. काकांना धाप लागायची. कापसाच्या धुळीत काम केलेल्या सगळ्यांनाच थोडी लागायची, त्यांना जास्त. आणि त्या खोऱ्याच्या तळाला ओढा होता, शेवाळलेल्या खडकावरून खाली पडणारा. रस्ता चुकलेला माणूस नेहमी पाण्याच्या आवाजाच्या दिशेनं उतरतो. जोडीदारकाका तिकडे उतरले असतील तर?

सगळे उठून उभे राहिले. "चला, पसरून शोधू," असं म्हणून दोघं तर वाटेला लागलेसुद्धा. मी त्यांना परत बोलावलं. तेव्हा मात्र तो शाळेतला आवाज कामी आला.

"कोणी हलायचं नाही. एकाला शोधताना मला दुसरा हरवायचा नाही. बाबूजी, बसवा सगळ्यांना. आता चेहरे मोजा. बाबा माझ्यासोबत येतील."

चहावाल्या काकी फडक्याला हात पुसत बाहेर आल्या. "सीताफल वाली खोरी में गया है क्या? उधर रस्ता नी है. हूँ चलूँ." त्यांनी टपरी तशीच सोडली आणि आमच्या पुढे चालायला लागल्या.

मी पट्ट्या, पाण्याची बाटली, दोर आणि शिट्टी घेतली. माझा आणि बाबांचा बिल्ला काढून पुन्हा खिशात ठेवला. घाईत होते तरी ते विसरले नाही.

अर्ध्या तासात आम्ही त्या जागी पोचलो जिथं बाबांनी बिल्ला घेतला होता. घाणेरीत एक ताजी फट दिसत होती. फांद्या मोडलेल्या. काकी पुढे, मी मध्ये, बाबा मागे. मी शिट्टी फुंकली, तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. शिबिरात शिकवलेली खूण. उत्तर आलं नाही.

"त्याला ऐकू नाही जायचं," बाबा म्हणाले. "शिट्टी तर नाहीच. बारीक आवाज आम्हाला कुणालाच येत नाही."

माझ्या हातातली शिट्टी एकदम खेळण्यासारखी वाटली. एवढं शिकून आले होते आणि माझ्या बापाच्या कानांना काय ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं.

काकींनी आम्हाला एका उघड्या खडकावर नेलं. तिथून अख्खी खोरी दिसते म्हणाल्या. ढग खाली सरकत होता, पण समोरची उतरण अजून दिसत होती. हिरवं, पिवळं, पुन्हा हिरवं. माणूस कुठंच नाही. खालून पाण्याचा आवाज येत होता. मी डोळे ताणून पाण्याच्या कडेला बघत होते, कारण मला तिथंच भीती होती.

बाबा मात्र तिकडे बघतच नव्हते. ते समोर, वरच्या बाजूला बघत होते. मग त्यांनी खांद्यावरचा लाल गमछा काढला, दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरला आणि एका लयीत डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे हलवायला लागले. साच्यावर आडवा दोरा नेणारा धोटा जातो तसा.

समोरच्या उतरणीवर एका झाडाच्या बुंध्याशी काहीतरी हललं. पांढरं. मग एक हात वर झाला.

"दिसला," बाबा म्हणाले. एवढंच.

ते गमछा खाली टाकून हातांनी बोलायला लागले. दरीच्या पलीकडे तो माणूसही हातांनी बोलायला लागला. मनगटं एकमेकांवर, बोटं हवेत, तळवा छातीवर. वीस वर्षं हातभर अंतरावरून जे बोलले ते आता खोऱ्याच्या दोन टोकांवरून बोलत होते, आणि ढग मध्ये यायच्या आत.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"साचा बंद पडला म्हणतोय. पाय दाखवतोय. मुरगळलाय." मग बाबांनी काहीतरी विचारलं, तिकडून उत्तर आलं, आणि बाबा चक्क हसले. "मी विचारलं, खाली का नाही उतरलास. म्हणतो, बदली आल्याशिवाय साचा सोडायचा नसतो."

मिलमध्ये पाळी संपली तरी पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत साचा सोडून जायचं नाही, हा नियम होता. वेळेवर कधीही न येणारा हा माणूस तो नियम मात्र पाळायचा. मी जे शिबिरात इंग्रजीत शिकले होते, हरवलात तर आहात तिथंच थांबा, ते त्यांच्याजवळ आधीपासून होतं. मी ते त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. गृहीत धरलं होतं.

मी त्या खडकावर बसले आणि काकींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "अब काय की रोनी सूरत? मिल गयो नी!"

वळसा घालून त्यांच्यापर्यंत जायला वेळ लागला. एका ठिकाणी सुटे दगड होते तिथं मी दोर बांधला आणि बाबांना धरून उतरायला लावलं. जोडीदारकाका झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसले होते. सदरा काढून त्यांनी काठीला बांधला होता. तेच पांढरं हललेलं. घोटा सुजून टम्म झाला होता. मांडीवर गमछ्यात पाच सीताफळं.

त्यांनी मला बघून आधी गमछा फळांवर ओढला.

"काका, मी सीताफळांसाठी नाही आले."

"तू रागावशील म्हणून..."

"रागावले आहे. पाय द्या इकडे."

मी पट्टी बांधत असताना ते खूप मोठ्यानं बोलले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "घरी रिकाम्या हातानं जातो रोज. मिल होती तेव्हा येताना काहीतरी घेऊन जायचो ना. पोरं दारात उभी असायची. म्हटलं, आज दोन सीताफळं नेतो." मग बाबांकडे बघून, "आणि तू रे! लावलास ना बिल्ला?"

"लावला," बाबा म्हणाले. "तोच तर घोटाळा झाला, गाढवा."

काकींनी गमछा उघडून फळं हातात घेतली, दाबली, आणि कपाळाला हात लावला. "कच्चा है सब! आँख बी नी खुली इनकी. आठ दन बाद तोड़ते. पूछते तो मैं देती के नी?"

काकांना ते ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ते ओशाळले आणि फळं काकींच्या पुढे धरली. काकींनी ती परत ढकलली. "अब ले जा. तांदल का डब्बा में रखजे."

उतरायला तास-दीड तास लागला. एका बाजूनं बाबा, एका बाजूनं मी. बारीक पाऊस आला आणि गेला. दर शंभर पावलांनी आम्ही थांबायचो, काकांचा श्वास जागेवर येईपर्यंत. मी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. काकी पुढे चालून प्रत्येक सैल दगड पायानं बाजूला ढकलत होत्या. गावाच्या कडेला आलो तेव्हा उजेड होता, पिवळा, पावसानंतरचा. टपरीसमोर सगळे एका ओळीत उभे होते. कोणी बसलेलं नव्हतं. बाबूजीसुद्धा, त्या गेलेल्या गुडघ्यांनी, उभे होते.

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. बुटाचे काका पुढे आले आणि म्हणाले, "आला लाटसाहेब!" आणि मग सगळे एकदम बोलायला लागले, शिव्या द्यायला लागले, त्यांच्या पाठीत गुद्दे घालायला लागले.

मी फळीवरचा त्यांचा बिल्ला काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"तुम्ही लावा."

ते लंगडत फळीपर्यंत गेले. टांगला. नंबर फळीकडे, उलटा. बाबूजींनी वाकून पाहिलं, मग वही उघडली आणि पेन्सिल जिभेला लावली.

"हजर," ते म्हणाले.

"किती लेट झालो, बाबूजी?"

"दहा मिनिटं."

मग मी आणि बाबांनी आमचे बिल्ले टांगले.

बस निघून गेली होती. महूकडे भाजी नेणाऱ्या एका ट्रकवाल्यानं आम्हाला मागे घेतलं. भाजीच्या टोपल्यांच्या मध्ये जोडीदारकाका आडवे झाले, बांधलेला पाय बाबांच्या मांडीवर. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं की पुढच्या वेळीही यायचं. उशीर झाला तर होऊ दे, पाचला या, सहाला या, मी थांबेन. पण बिल्ला ज्याचा त्यानं लावायचा. सगळ्यांनी ऐकावं म्हणून मी ते मोठ्यानं म्हटलं. आता माझ्यासोबत डोंगरावर येणाऱ्या प्रत्येकाला मी निघताना आधी हेच सांगते. बाकीचे नियम त्यानंतर.

"आणि सीताफळ?" कोणीतरी विचारलं.

"काकींना विचारून."

पुढच्या आठवड्यात जोडीदारकाकांच्या घरून एक सीताफळ आमच्याकडे आलं. तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या पाचांपैकी तेवढंच अर्धं पिकलं होतं. एका बाजूला दगडासारखं होतं. बाबांनी आणि मी दुसऱ्या बाजूनं खाल्लं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी ट्रक सडकेला लागण्याआधी बाबूजींनी ड्रायव्हरला थांब म्हटलं. फळी त्यांच्या पायाशी पडली होती, पूर्ण भरलेली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही आणि वहीही उघडली नाही. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत, बोट करत, मोठ्यानं मोजत गेले. अकराला ते बाबांवर आले, बाराला माझ्यावर, आणि मग स्वतःच्या छातीला बोट लावून म्हणाले, "तेरा. चल बेटा, काढ गाडी."